डोंगराच्या पोटातला लपंडाव

रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक साठी उलटलेला माणूस डोंगराच्या पोटात जाऊन लपायचा आणि मी त्याला शोधायचे. नोकरीच होती ती माझी. आई फोनवर विचारायची, "इंजिनिअर झालीस ती म्हाताऱ्या माणसाशी लपंडाव खेळायला का गं?" मी विषय बदलायचे, कारण मी रोज हरत होते.

तो माणूस म्हणजे काका, आमच्या बोगद्यावरचे वायरमन. डोंगरकडा गावाजवळच्या एका बंजारा तांड्यातला माणूस. एके काळी डोंगरकड्याच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, दुकान गेलं, तेव्हा ते बोगद्यांमधून दिवे लावत मुलूखभर फिरले आणि उतारवयात पुन्हा घराजवळ, औंढ्याकडच्या या डोंगरात येऊन थांबले. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूचं पाणी डोंगरापलीकडच्या कोरड्या गावांना न्यायचं होतं, त्यासाठी हा बोगदा.

बोगद्यात ते छत्री घेऊन जायचे. डोक्यावर हेल्मेट आणि वर छत्री. कुणी हसलं की म्हणायचे, "हेल्मेट दगडासाठी हाय. छत्री पान्यासाठी. तू काय पान्याला दगड समजून राहिला का?" पाणी ठिबकत नसेल तिथे छत्री मिटायची आणि तिच्या टोकाने छताला टकटक करत चालायचं. खिशात कायम हळकुंड. धुळीने घसा बसू नये म्हणून ते दिवसभर चघळायचे, त्यामुळे दात पिवळे, बोटं पिवळी आणि ज्याला ज्याला हात लावतील ते पिवळं. माझा कीबोर्ड महिन्याभरात हळदीला बसलेल्या नवरीसारखा दिसायला लागला.

मोजमाप ते हातानेच करायचे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तो हातही बाकीच्यांपेक्षा आखूड, त्यामुळे साइटवरच्या इंजिनिअरांशी रोज भांडण. शेवटी त्यांनी माझ्या कंटेनरच्या दारावर खिळ्याने दोन रेघा ओढल्या आणि जाहीर केलं, "हा माझा हात. ज्याला वाद घालायचा त्यानं आधी ह्याच्याशी घालावा." कंटेनर म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी ठेवलेली लोखंडी खोली, माझं ऑफिस. दार माझं, रेघा त्यांच्या. मला विचारायचा प्रश्नच नव्हता.

तांड्याचे म्हणून लोक त्यांच्याकडून गोष्टींची अपेक्षा करायचे. एकदा पुण्याहून आलेल्या आमच्या साहेबांनी मोठ्या कौतुकाने विचारलं, "तुमचे पूर्वज म्हणे बैलांचे तांडे घेऊन फिरायचे, घंटेच्या आवाजावरून कुठला बैल कुठे आहे ते ओळखायचे?" काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आमचा आजा वळखायचा म्हनतेत. पन आजा तं बहिरा व्हता, साहेब." साहेब पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

माझं काम तसं साधं होतं. डोंगराच्या आत मोबाइल मुका होतो, आकाशातल्या उपग्रहांना तिथलं काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक कामगाराला एक बिल्ला द्यायचा, प्रत्येक डंपरच्या टपावर एक बसवायचा आणि बोगद्याच्या भिंतीवर ठरावीक अंतराने डबे लावायचे. डबे आणि बिल्ले बिनतारी बोलतात. बिल्ल्याची लहर डब्यापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढायचं आणि माझ्या पडद्यावर माणूस हिरव्या ठिपक्याने, गाडी निळ्या चौकोनाने दाखवायची. बिल्ल्यावर एक लाल बटण. अडकलेल्या माणसाने दाबलं की ठिपका लाल होऊन लुकलुकतो. यंत्रणा बरोबर चालते, अशा कागदावर तीन सह्या घ्यायच्या आणि पुण्याला परत जायचं. दोन सह्या पहिल्या आठवड्यात मिळाल्या. तिसरी कामगारांतर्फे हवी होती, आणि कामगारांनी एकमताने काकांचं नाव दिलं होतं.

काकांनी पडद्यावरच्या ठिपक्यावर पिवळं बोट ठेवलं. "हा मी?"

"हो."

"किती हातानं?"

"म्हणजे?"

"म्हंजे मी हितं हाय म्हनून राहिलं हे. तं खरंच हितं हाय, का जरा तिकडं?"

"दोन-तीन मीटर इकडेतिकडे होतं, काका. तेवढं चालतं."

त्यांनी मनातल्या मनात मोजलं. "सहा हात. सहा हातात अख्खी बैलजोडी बसती, पोरी. हाताच्या आत आन. मग सही."

दुसऱ्याच दिवशी दुपारी पडद्यावर काका बोगद्यातून धावत सुटलेले दिसले. साठीचा माणूस, वाऱ्याच्या वेगाने. मी घाबरून दारात आले, तर काका समोर झाडाखाली बसून भाकरी खात होते. साइटवरच्या कुत्र्याच्या गळ्यात त्यांनी स्वतःचा बिल्ला बांधला होता. मी संतापले. ते शांतपणे म्हणाले, "तुझं मशीन बिल्ला शोधतंय. मला मानूस शोधनारं पायजे." आणि खोटं काय होतं त्यात? बिल्ले हेल्मेटला लावलेले होते. आतल्या कोनाड्यातल्या शेंदराच्या दगडापुढे सगळे हेल्मेट काढायचे, जेवताना काढायचे, उकाड्याने काढायचे. पडद्यावर दहा माणसं देवापुढे गर्दी करून उभी, प्रत्यक्षात तिथे दहा हेल्मेटं.

उपायही त्यांनीच काढला. हेल्मेट माणूस काढतो, ताईत काढत नाही. त्यांनी काळा दोरा आणला, प्रत्येक बिल्ला त्यात ओवला आणि एकेकाला समोर बसवून दंडाला बांधला. बांधताना तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मी विचारलं, "काय मंत्र म्हणता?" तर म्हणाले, "काय न्हाई. दोऱ्याचे वेढे मोजून राहिलो. पन त्यायला सांगू नको." त्या दिवसानंतर एकाही दंडावरून बिल्ला सुटला नाही. स्वतः काकांच्याही नाही.

आता माझी खरी अडचण सांगते. बोगदा पलीकडे फुटेपर्यंत बाईमाणसाने आत पाऊल टाकायचं नाही, डोंगर रागावतो, असा बोगदेवाल्यांचा पक्का समज. मुकादम या बाबतीत कर्मठ. भला माणूस, मला "ताई" म्हणून चहा पाठवायचा, पण मी तोंडाच्या दिशेने दहा पावलं गेले की आडवा उभा राहायचा. मी चिडले, भांडले, पुण्याला तक्रारी केल्या. तिथून उत्तर आलं की सांभाळून घ्या. म्हणजे आतला प्रत्येक डबा मी बसवायचा, पण बसवलेला पाहायचा नाही.

"माझे पाय वापर," काका म्हणाले. "तसेबी झिजलेलेच हायेत."

असा तो लपंडाव सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर आले की काका एकटे आत जायचे, मनाला येईल तिथे दडून बसायचे आणि लाल बटण तीनदा दाबायचे. ठिपका तीनदा लाल व्हायचा. त्याचा अर्थ आमच्यात ठरलेला होता : सांग, मी कुठं हाय? मी पडद्यावर पाहून वहीत लिहायचे, तिसऱ्या डब्यापुढे अकरा हात, डावी भिंत. मग काका जवळच्या डब्यापासून स्वतःच्या हाताने मोजत यायचे आणि माझ्या उत्तराशेजारी खरं उत्तर लिहायचे. पिवळ्या अंगठ्याचा ठसा फुकट. संध्याकाळी मी गणित सुधारायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हरायचे. पाच हात. चार हात. साडेतीन.

काही दिवस तर ठिपका चक्क बोगद्याबाहेर, अखंड दगडात जाऊन बसायचा. मी म्हणाले, "काका, आज तुम्ही डोंगरात विरघळलात."

"डंपरच्या मागं बसलो व्हतो." ते विचार करत हळकुंड चघळत राहिले. रेडिओवाल्याचं डोकं ते. "हे बघ. पाव्हना माझ्याकडं निघाला. वढ्याला पानी हाय म्हून तो पुलावरनं वळसा घालून आला. उशीर झाला. तं उशीर झाला म्हून त्याचं गाव लांब सरकलं का?"

पाठ्यपुस्तकातलं जे मला चार वर्षांत कुणी समजावलं नव्हतं, ते त्या एका प्रश्नात समजलं. लोखंड मध्ये आलं की लहर सरळ येत नाही, वळसा घालते, उशिरा पोचते आणि यंत्राला वाटतं, माणूस लांब आहे. मग आम्ही वहीत लोखंडाची वेगळी पानं केली. काका डंपरच्या पुढच्या चाकाशी बसले की ठिपका कुठे उडी मारतो, दाराशी बसले की कुठे, शेपटाखाली डावीकडे बसले की कुठे. प्रत्येक उडीची दिशा आणि हात. मी तो बोगदा एकदाही पाहिला नव्हता, पण त्यातली जागा न् जागा मला पाठ झाली होती.

साइटचे प्रमुख साहेब मात्र टेकीला आले होते. वरून विचारणा होत होती, यंत्रणा सुरू झाली असं कळवायचं होतं. एके दिवशी ते कागद आणि पेन घेऊन काकांसमोर उभे राहिले. काकांनी पेन परत त्यांच्या खिशाला लावलं. "पी हळद अन् हो गोरी, आसं न्हाई होत साहेब. जरा दम धरा."

त्या दिवशी मीही फुटले. पुण्याहून मला सांगण्यात आलं होतं की महिनाअखेर सही झाली नाही तर दुसऱ्या कुणाला पाठवू. साहेब गेल्यावर मी ओरडले, "हातभर, हातभर! अजून दोन हात इकडेतिकडे झालं तर काय आभाळ कोसळणार आहे का?"

काका तोंडातलं हळकुंड काढून म्हणाले, "कुरुंद्याला एक विहीर खंदत व्हतो. जवान व्हतो तवा. एका बाजूनं ढासळली. माझा जोडीदार खाली राह्यला. वर चौघं जन, चौघायचे चार अंदाज. आमी उत्तरंला खंदलं. तो दक्षिनंला व्हता." त्यांनी आपला आखूड हात पुढे धरला आणि दोनदा हवेत ठेवला. "दोन हातावर. जित्ता व्हता गं बराच येळ. हाका मारत व्हता. पन विहिरीत आवाज चहूकडून येतो."

मला इतकी लाज वाटली की मी वही उघडून नुसती पानं उलटत बसले. त्यानंतर मी सहीचं नाव काढलं नाही. पुण्याचे फोनही उचलले नाहीत.

आणि मग तो दिवस. जेवणाची सुट्टी झालेली, सगळे झाडांखाली डबे उघडून बसलेले. आवाज फार मोठा नव्हता. आडतीवर एकामागून एक पोती टाकावीत तसा. मग बोगद्याच्या तोंडातून वारा बाहेर आला आणि त्यामागे धूळ. कुणीतरी ओरडलं, "छत बसलं!"

मी पडद्याकडे पाहिलं. सगळे ठिपके बाहेर होते. एक सोडून.

तो ठिपका दगडात होता. बोगद्याच्या डाव्या भिंतीपासून नऊ हात आत, जिथे माणूसच काय, उंदीरही असू शकत नाही. प्रमुख साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. घामाने डबडबले होते, पण त्यांना स्वतःलाच धीर हवा होता. म्हणाले, "मशीन बिघडलंय. म्हातारा नसेलच आत. कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला बांधणारा माणूस तो, आजही अडकवून गेला असेल कुठेतरी. आणि असलाच तर ढिगाऱ्याच्या पलीकडे, मोकळ्या जागेत असेल. उजवीकडून, हवेच्या पाइपाच्या कडेने वाट काढू."

तेवढ्यात ठिपका लाल झाला. एक, दोन, तीन. थांबला. पुन्हा एक, दोन, तीन.

"ते विचारतायत," मी म्हणाले.

"काय विचारतायत?"

"मी कुठं हाय, ते."

वहीचं पान मला शोधावं लागलं नाही. ढिगाऱ्याखाली एक डंपर होता. तो नेहमीसारखा उलटा आत गेलेला, तोंड बाहेर, शेपूट आत. पुढचा टप ढिगाऱ्याबाहेरच राहिला होता, त्यावरच्या बिल्ल्याला कशाची आडकाठी नव्हती, म्हणून निळा चौकोन अगदी जागच्या जागी होता. आणि चौकोनापासून ठिपका जितका आणि ज्या दिशेला उडाला होता, तितका तो एकाच जागेवरून उडायचा. पिवळा ठसा असलेलं ते पान : डंपरचं शेपूट, खाली, दोन हात आत, डाव्या भिंतीकडचं चाक.

"ते पलीकडे नाहीत," मी सांगितलं. "डंपरच्या पोटाखाली आहेत. उजवीकडून गेलात तर त्यांच्या अंगावरचे दगड हलतील. डाव्या अंगाने, डंपरला चिकटून खणा."

साहेब म्हणाले, "नक्की? चुकलं तर?"

"हाताच्या आत," मी म्हणाले. हे मी कुठल्या तोंडाने म्हणाले, मला अजून कळत नाही.

तेच ठिपके दाखवणारा टॅब छातीशी धरून मी बाहेर पळाले आणि बोगद्याच्या तोंडाशी आपोआप थांबले. रोजची सवय. मुकादम तिथे उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आतल्या काळोखाकडे पाहिलं. मग स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं.

"चला ताई. म्होरं व्हा. जागा तुमालाच ठावं हाय."

मी आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. पहिला डबा, दुसरा डबा, कोनाड्यातला शेंदराचा दगड, भिंतीवर काकांच्या खडूच्या खुणा. सगळं जिथल्या तिथे. माणूस आपल्या घरी आल्यावर चालतो तशी मी चालत होते. ढिगाऱ्याशी आल्यावर मी डंपरची डावी बाजू दाखवली आणि मुकादमाच्या माणसांनी साखळी केली. यंत्र लावायची सोय नव्हती, वरचं छत अजून कुरकुरत होतं. एका वेळी दोघे पुढे, मोठे धोंडे हातांनी, बारीक मुरूम घमेल्यांनी. मी टॅबवर ठिपका बघत ओरडत होते, अजून पुढे, अजून. ठिपका लाल व्हायचा तोवर माझ्या जिवात जीव असायचा. मध्ये तो बराच वेळ विझला. घमेली दुपटीने फिरायला लागली. मग पुन्हा एक, दोन, तीन.

उन्हं कलली तेव्हा दगडांच्या फटीतून एक काळं टोक बाहेर आलं आणि हललं. छत्री!

बोगद्यात एवढा जल्लोष त्या डोंगराने कधी ऐकला नसेल. मुकादम रडत होता आणि शिव्या देत होता. दोघांनी फट मोठी केली आणि मी पोटावर झोपून टॉर्च आत मारला. डंपरच्या लोखंडी पाठीने सगळा डोंगर तोलून धरला होता आणि त्याखाली, शेपटाशी, डाव्या चाकाला टेकून काका बसले होते. पांढरे झालेले, धुळीने माखलेले. त्यांनी डोळे मिचकावले.

"किती हात चुकलीस?"

"काका, आधी बाहेर या!"

"न्हाई. आधी सांग. कुठं म्हनली व्हतीस?"

मी हसत होते की रडत होते, देव जाणे. "शेपटाच्या पाट्यापासून दोन हात आत. चाकाला लागून."

"मोज मग."

"तुम्ही मोजा ना!"

"माझा हात मोडलाय, पोरी." उजवा हात विचित्र वाकला होता, तेव्हा माझं लक्ष गेलं. "तुझा लाव."

मागून साहेब ओरडत होते, काय चाललंय तिथे, बाहेर काढा त्यांना. पण मुकादमाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्यालाही ऐकायचं होतं. मी सरपटत आत शिरले आणि डंपरच्या पाट्यापासून कोपर ठेवून मोजलं. एक हात. दोन हात. आणि त्यापुढे काकांच्या गुडघ्यापर्यंत उरलेलं बोटांनी.

"एक वीत, चार बोटं."

काकांनी डोळे मिटून मनातल्या मनात मोजलं. "हाताच्या आत हाय," ते म्हणाले. "बराबर." मग मान टाकून ते लेकरासारखे हसायला लागले आणि आम्ही त्यांना उचललं.

त्या वर्षीच बोगदा पलीकडे फुटला आणि आता त्यातून पाणी जातं. पण मी पुण्याला परत गेले ती त्याआधी, तिसऱ्या सहीचा कागद घेऊन. तो मी ऑफिसात दिला नाही, नक्कल दिली. मूळ कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. काकांनी तो हिंगोलीच्या दवाखान्यात, प्लास्टर घातलेला उजवा हात पोटावर ठेवून, डाव्या हाताने भरला होता. माझ्यासमोरच हळकुंड मागवून घेतलं होतं, त्यामुळे कोपऱ्यात पिवळा अंगठा उमटलाच. सही तिरकी आहे, जेमतेम वाचता येते. खाली शेऱ्याची जागा असते, तिथे लोक 'समाधानकारक' किंवा 'योग्य' असं लिहितात. काकांनी पेन बराच वेळ तोंडाशी धरलं, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि एकेक अक्षर जोडत एकच शब्द लिहिला.

'सापडलो.'